आवडीचं टोक

आवडीच्या टोकाला जो कुणी तात्यासाहेब शिखर म्हणतो, त्याच्याशी मी बोलत नाही. मग तो माझा स्वतःचा जावई असो नाहीतर गावचा सरपंच. वय झालं, गुडघे गेले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पण हा एक राग होता तसा आहे. मुलगी म्हणाली, "आई, एवढ्या वर्षांनी काय तेच तेच उगाळत बसतेस, डोंगर तर जागेवरच आहे ना?" मी म्हटलं, "उद्यापासून तुझ्या नवऱ्याला शेजारच्याच्या नावानं हाक मारते, तोही जागेवरच राहील." तेव्हापासून ती माझ्यासमोर हा विषय काढत नाही.

आमची वाडी साताऱ्याच्या हद्दीतली. बाजार कराडचा, कचेरीचं काम निघालं तर सातारा, आणि पाठीला लागून डोंगर. त्या डोंगराच्या माथ्यावर जिल्हा संपतो. अलीकडे उतरलं की सातारा, पलीकडे उतरलं की सांगली. वाडीतल्या पोरी पिढ्यान्‌पिढ्या पलीकडे दिल्या जायच्या. पूर्वी कधीतरी आवडी नावाची पोर अशीच दिलेली. सासू खाष्ट. कशावरून तरी बिनसलं आणि सासूनं शपथ घातली, माहेरच्या जमिनीला पाय लावलास तर परत या घरात यायचं नाही. आवडीनं काय केलं, भोगीच्या दिवशी ती पलीकडून डोंगर चढून माथ्यावर आली आणि इकडून तिची आई चढली. माथ्यावर, बरोबर हद्दीवर, एक लांबरुंद सपाट दगड आहे. आई दगडाच्या या अंगाला बसली, लेक त्या अंगाला. मध्ये दगडावर भाकरी सोडली आणि दोघी जेवल्या. शपथही मोडली नाही आणि भेटही झाली. ही आवडी कुणाच्या घरातली ते कुणालाच ठाऊक नव्हतं, प्रत्येक भावकी तिला आपलीच म्हणायची. पण दगड आवडीचा झाला, टोक आवडीचं झालं, आणि भोगीला इकडच्या आया नि पलीकडच्या लेकी वर भेटायच्या असा रिवाज पडून गेला. नियम एकच. लेकीनं दगड ओलांडून माहेरच्या अंगाला उतरायचं नाही. तो पाळला जायचा म्हणूनच कसलीही सासू त्या दिवशी सुनेला सोडायची. पुरुष त्या दिवशी वर फिरकायचे नाहीत. बौद्धवस्तीतल्या बायकाही यायच्या, पण दगडाच्या खालच्या टोकाला अंतर राखून बसायच्या. आवडीच्या दगडावरसुद्धा आमच्या लोकांनी ते सोडलं नव्हतं. हेही लिहून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की वाईट तेवढा एक बागायतदार बापूसाहेबच होता, ज्याचं पुढं सांगणार आहे.

माझी थोरली बहीण हौसा, मी तिला आक्का म्हणते, तीही पलीकडेच दिलेली. लग्नात तिच्या चुलतसासऱ्याला फेटा बांधायचा राहून गेला. एक फेटा! तेवढ्यावरून तिच्या सासूनं तोंड फिरवलं ते फिरवलंच. ना सणाला धाडली, ना पंचमीला. नवरा पलटणीत, कुठं काश्मीरकडे. तो सुट्टीवर आला तरी आईसमोर त्याच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. लढाईवर जाणारा गडी, पण घरात सगळा आनंदीआनंद. तेव्हा आमच्या आईला लेक दिसायची ती वर्षातून एकदा, भोगीला, दगडाच्या पलीकडे. ज्या भोगीचं मी सांगणार आहे तिच्या आदल्या साली आक्का आली तेव्हा तिनं पदर मनगटापर्यंत ओढून घेतला होता आणि भाकरी डाव्या हातानं मोडत होती. आईनं विचारलं तर म्हणाली, तवा लागला. नंतर वर्षभर आई भाकरी थापताना मध्येच थांबायची आणि तव्याकडे बघत राहायची.

त्या वर्षी दिवाळीनंतर कासारीण बांगड्या भरायला वाडीत आली. ती दोन्हीकडे फिरायची. आईच्या हातात बांगडी सारता सारता म्हणाली, "तानूबाई, तुमची हौसा लय वाळलीया. माज्याकडनं बांगड्या भरल्या तर कोपरापातूर सरकत्यात. यंदा भेट चुकवू नगा." झालं. तेव्हापासून आमच्या घरात भोगी सोडून दुसरा दिवस उरला नाही. आई तिळाची मडकी पुन्हापुन्हा उघडून बघायची. मी बारातेरा वर्षांची असेन. त्या साली मला पहिल्यांदा वर नेणार होती.

आता रस्त्याचं सांगते, कारण सगळा डाव त्या रस्त्याचाच. वर जायची आमची मूळची पाऊलवाट होती, एका माणसापुरती. दुष्काळ पडला तेव्हा सरकारनं लोकांना काम म्हणून तिथं रस्ता काढला. अख्खी वाडी त्या कामावर. आई आणि बौद्धवस्तीतली पारूमावशी यांची जोडी होती. खालचे मोठे दगड कसे उभे लावायचे, फटीत कपच्या कशा ठोकायच्या, वर खडी आणि मुरूम कसा दाबायचा, हे त्या दोघींना इतकं येत होतं की सरकारी मुकादमही त्यांच्या पट्ट्याकडे बघायचा नाही. सुकडी मिळायची, पिवळी, तोंडात गेली की टाळ्याला चिकटणारी. ती अजून कुठं मिळाली तर मी खाईन, आणि खाताना रडेन. आईच्या आणि पारूमावशीच्या बोटांना एकाच रंगाच्या चिंध्या बांधलेल्या असायच्या, एकाच लुगड्याच्या. रस्ता वळणं घेत डोंगराच्या सोंडेपर्यंत गेला आणि आमची पाऊलवाट त्याच्याखाली गाडली गेली. कुणाला काही वाटलं नाही. बायका म्हणाल्या, बरं झालं, आता भोगीला डोक्यावर टोपली घेऊन नीट जाता येईल.

बापूसाहेब म्हणजे आमच्या भागातले बडे बागायतदार. शंभर ठिकाणी त्यांचा ऊस, तालुक्यात त्यांच्या शब्दाशिवाय पान हलायचं नाही, आणि माझे वडील, आप्पा, त्यांच्याकडे मुकादम. गळ्यात शिट्टी असायची. आप्पांची ती शिट्टी पहाटे रानात वाजली की आमच्या घरातली मांजरसुद्धा उठून बसायची. तर दुष्काळ सरला आणि बापूसाहेबांच्या ध्यानात आलं की रस्त्याचं खालचं तोंड आपल्या रानातून जातंय. त्यांनी तिथं लोखंडी फाटक बसवलं. सोंडेवर बंगला बांधला. आणि टोकाला आपल्या वडिलांचं नाव दिलं, तात्यासाहेब शिखर. हे तात्यासाहेब आयुष्यात घोड्यावरून उतरून कधी बांधसुद्धा चढले नव्हते. शहरातल्या कुठल्याशा गिर्यारोहण मंडळाची पोरं बोलावली, बूट, दोर, पाठीवर पिशव्या. ती वर जाऊन आली आणि पेपरात छापून आलं, शिखर प्रथमच सर. आप्पांनी कौतुकानं वाचून दाखवलं. आई चुलीपुढं बसली होती. म्हणाली, "पयल्यांदा? मंग आमी इतकी वर्सं कुटं जात हुतो, तुमच्या बापूसायबाच्या परसात?" आप्पांनी पेपराची घडी घातली.

भोगीच्या आदल्या संध्याकाळी आई खेंगटाची तयारी करत बसली होती. खेंगट म्हणजे भोगीची भाजी. पावटा, वांगी, गाजर, ओला हरभरा, घेवडा, बोरं, जे जे त्या दिवसांत रानात येतं ते सगळं एकाच भांड्यात. आमच्याकडे त्यात तिळाचं कूट इतकं असायचं की भाजीवर तेल तरंगायचं. ओल्या हरभऱ्याचे घाटे फोडण्याचा फट्‌फट्‌ आवाज चालू होता. आप्पा दारातच उभे राहून म्हणाले, "यंदा जायचं न्हाई."

आईनं मान वर केली नाही. "का?"

"उद्या बापूसायबांनी वर पाव्हणं बोलावल्यात. तात्यासायबांच्या नावाची पाटी बशिवनार हायत. सातारहून सायब येनार. तितं तुमी बाया टोपल्या घिऊन गेला तर बरं दिसंल का?"

"आवं, वरीसभर माजी लेक त्या दगडाकडं डोळं लावून बसली आसंल."

"संक्रांत झाल्यावर बगू की. मी सांगावा धाडतो."

"तिची सासू संक्रांत झाल्यावर सोडंल व्हय? भोगीलाच सोडती. त्येबी आवडीमुळं, तुमच्या सांगाव्यामुळं न्हवं."

"फाटक बंद आसनार. मी सांगून ठिवतो. माजी नोकरी घालवू नगंस, तानू."

आईनं हातातली दाण्यांची परडी उलटी केली. सगळे दाणे जमिनीवर. मग ती एक एक वेचायला लागली आणि मीही वेचू लागले. माझ्या वडिलांविषयी लोक चांगलं बोलतात आणि ते बोलण्यासारखे होतेही, पण त्या संध्याकाळी त्यांनी दाणे वेचायला हात लावला नाही हे मी विसरलेले नाही.

पहाटे आईनं न्हाऊन घेतलं, मला तीळ लावून न्हायला घातलं, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या केल्या, लोण्याचा गोळा केळीच्या पानात बांधला आणि टोपली डोक्यावर घेतली. आप्पा आधीच बंगल्यावर गेले होते. वाडीतल्या पलीकडे लेकी असणाऱ्या सगळ्या बायका फाटकाशी जमल्या होत्या. गवतावर दव, तोंडातून वाफ, आणि फाटकाला साखळी. राखणीला ज्ञानूकाका, पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला, खाकी कोट घातलेला.

"ज्ञानूभावजी, साकळी काडा," आई म्हणाली.

"वैनी, हुकूम हाय. आज बंद."

"कुनाचा हुकूम? तुमची भन न्हाई का वर येत?"

"येती की," तो म्हणाला आणि दुसरीकडे बघायला लागला. "पर हुकूम त्यो हुकूम."

बाजूनं जायचं तर एकीकडे उभा कडा आणि दुसरीकडे ओढ्याची दरी. जुनी वाट रस्त्याखाली. आम्ही थांबलो. ऊन आलं. खालून जीप आली, मग दुसरी. ज्ञानूकाकानं साखळी काढून सलाम ठोकला. दुसऱ्या जीपमधून एकानं आमचा फोटो काढला, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका म्हणून आम्ही त्याला छान दिसलो असणार. आईनं त्याला ओरडून सांगितलं, "आवं सायब, वर माजी लेक बसलीया, तिला सांगा मी फाटकाशी हाय." तो हसला आणि त्यानं हात हलवला. अजून मला कुणी जीपमधून हात हलवला की माझं डोकं फिरतं. साखळी पुन्हा लागली.

बायका रडायला लागल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, चला घरी, नशिबात नाही. तेव्हा पारूमावशी पुढं झाली. तिचीही लेक पलीकडे होती. फाटकाच्या अलीकडेच रस्त्याचं पहिलं वळण आहे. तिथं ती मधोमध बसली, मुरूम हातानं बाजूला केला आणि गवत कापायचा विळा खडीत घातला.

"काय करतीस गं पारूबाई?" आईनं विचारलं.

"माजा दगुड काडती. वाट आमची गाडली, वर रस्ता केला, त्यो आमीच केला. आता आमाला चालत न्हाई म्हनत्यात, तर माजा मला माघारी दिऊ द्यात. ह्यो बग, हितनं ह्यो तुजा पट्टा."

आईनं टोपली माझ्या हातात दिली आणि पारूमावशीच्या शेजारी बसली. मी आईला कितीदा शेजारणीपाजारणींजवळ बसलेली पाहिली होती, पण दुष्काळी कामाबाहेर बौद्धवस्तीतल्या बाईला खांदा लावून, वाडीतल्या सगळ्या बायकांसमोर बसलेली कधी पाहिली नव्हती. मग दुसरी बसली. तिसरी. दुष्काळात जिथं जी बसायची तिथंच ती बसली. खडी सुटली, कपच्या निघाल्या, खालचे उभे दगड दोघीदोघी मिळून हलवून काढायला लागल्या आणि दरीत लोटून द्यायला लागल्या. दगड खाली जाताना होणारा आवाज अजून माझ्या कानात आहे आणि मला तो फार आवडतो. ज्ञानूकाका ओरडला, "ए बायांनो, सरकारी रस्ता हाय त्यो!" पारूमावशी म्हणाली, "सरकारी हाय तर फाटक कसलं रं घातलंय?" तो पाठ फिरवून बसला आणि त्यानं बिडी पेटवली. दुपार कलेपर्यंत रस्त्याला आडवा असा चर पडला की बैल पडला असता.

दगड दरीत पडल्याचा आवाज ऐकून वरून आधी आप्पा पळत आले. चर बघून त्यांचं तोंड पांढरं पडलं. "तानू, आगं काय क्येलंस हे? पाव्हणं वर आडाकल्यात!"

"आडकू द्यात," आई म्हणाली. "सकाळधरनं मी आडाकलीया."

त्यांच्यामागून जीप आली आणि फाटकाशी थांबली. बापूसाहेब खाली उतरले. ते जे बोलले ते मी लिहिणार नाही, त्यांच्या नातवंडांना वाचता येतं. बायका उठल्या नाहीत. आणि तेवढ्यात जीपच्या मागून, वळणावरून, अनवाणी, हातात काकवीची किटली घेऊन, आक्का उतरताना दिसली.

माहेरच्या अंगाला. दगड ओलांडून.

मला आधी कळलंच नाही. आईला कळलं. ती चरात उभी राहिली आणि तिचे मातीचे हात तसेच वर राहिले. आक्का इतकी वाळली होती की कासारीणीनं कमीच सांगितलं होतं म्हणायचं. कोपरापासून मनगटापर्यंत हात भाजलेला, जुन्यावर नवं. तिनं पदर ओढून घेतला नव्हता. फाटकाच्या आतून ती म्हणाली, "आये, मी वाट बगत बसली. तुमी कुनीच आला न्हाईसा. मंग ही मान्सं आली. आमा लेकींना म्हनली, उटा. बाकीच्या भिऊन माघारी गेल्या. आवडीच्या दगडाला पहारीनं भोक पाडलं त्येंनी, आये. मदोमद. त्यात खांब रवला. त्यावर पाटी."

आप्पा कळवळून म्हणाले, "आगं पोरी, पर हद्द वलांडून का आलीस? आजून दिस हाय, जा माघारी. कुनाला कळायचं न्हाई. सासू घरात घ्येनार न्हाई तुला."

"हद्दीच्या दगडालाच खांब ठोकला, आप्पा. तवा तुमी पहार धरून हुता, बगितलं मी. मग आता कुनाची हद्द पाळू?"

आप्पांनी गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. बापूसाहेब म्हणाले, "मुकादम, ही कोण बाई? हिला आली तशी माघारी घालवा." आप्पांनी त्यांच्याकडे बघितलं, आक्काच्या हाताकडे बघितलं. मग ज्ञानूकाकाकडे गेले, त्याच्या कमरेची किल्ली ओढली आणि साखळी काढली. बस, आयुष्यात एवढंच. पण ते केलं त्यांनी. नोकरी त्याच दिवशी गेली.

आईनं आक्काला चरातच बसवलं. टोपली माझ्याकडून घेतली, काढलेल्या एका रुंद दगडावर भाकरी सोडली, वर खेंगट, वर लोणी. पारूमावशीनं तिची भाकरीही त्याच दगडावर सोडली. आक्कानं काकवी ओतली. बापूसाहेबांचे पाहुणे जीपपाशी उभे राहून बघत होते आणि आम्ही जेवत होतो. इतकं गोड खेंगट मी पुन्हा खाल्लं नाही. इतक्या रागात जेवलेही नाही.

आक्का परत गेली नाही. सासरहून कुणी न्यायलाही आलं नाही. पलटणीतला नवरा सुट्टीवर आला आणि परस्पर दुसरं लग्न करून गेला, आणि दोन्ही गावांत लोक म्हणाले, तिनंच दगड ओलांडला. भाजलेल्या हाताबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. बापूसाहेबांनी रस्ता महिन्याभरात दुरुस्त करून घेतला. भोगीची भेट त्या सालापासून मोडली ती मोडलीच. पलीकडच्या सासवांना आयतं निमित्त मिळालं, की दगड फुटला, आता रिवाज कसला. त्यानंतर किती आयांनी लेकीचं तोंड बघितलं नाही त्याचा हिशेब कुणाकडे मागू?

आता बापूसाहेब नाहीत, फाटक नाही, रस्ताही करवंदीच्या जाळ्यांत बुजून गेलाय. दर शनिवार-रविवारी पुण्याकडून पोरं-पोरी येतात. शिरवळला चहा, मलकापूरला नाश्ता, आणि वाडीत येऊन विचारतात, तात्यासाहेब शिखराची वाट कुठली. मोबाईलवरही तेच नाव आहे. पाटी दोनतीनदा नवी झाली, खांब त्याच भोकात. आक्का अजून आहे. त्या वेळी भाजलेला हात थंडीत आखडतो म्हणून ती उन्हाला ओट्यावर बसते, अगदी वाटेवर. गेल्या भोगीला मी माहेरी गेले होते, तेव्हाचंच सांगते. चांगली शिकलेली पाचसहा पोरं आली. एकानं वाकून विचारलं, "आजी, तात्यासाहेब शिखर इकडूनच ना?"

आक्का हरभरा सोलत होती. "तसलं हितं कायबी न्हाई."

"हे काय वर दिसतंय की!"

"ते आवडीचं टोक हाय. त्येची वाट पायजे आसंल तर सांगती."

पोरगा हसला. त्यानं मोबाईल तिच्या डोळ्यांसमोर धरला. "आजी, हे बघा, मॅपवर तात्यासाहेबच लिहिलंय."

मी तोंड उघडणार होते. आक्कानं भाजलेला हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"मंग त्या तात्यासायबालाच इचारा की वाट," ती म्हणाली आणि पुढचा घाटा फोडला.

पोरं दुपारपर्यंत करवंदीच्या जाळीत वाट शोधत फिरत होती. आम्ही दोघी ओट्यावरून बघत होतो.